नाल्यापलीकडे पोचलेला आवाज

माझी मुलगी शालू सहावीत होती, त्या वर्षीच्या नवरात्रात मी देवीशी बोलणं टाकलं होतं. हिंगणघाटच्या आमच्या आळीत घरोघरी घट बसले होते आणि मी मात्र भांडी पोत्यात भरत होते. घटासाठी कोपरा शोधावा, तर घरच सोडून चाललो होतो. ज्या देवीला लहानपणापासून 'आई' म्हणून हाक मारली, तिला मी निघायच्या सकाळी उभ्यानंच सांगितलं, "तुला दिसत नसेल तर मी तरी किती दाखवू?" आणि देव्हाऱ्यातली तिची तसबीर उचलून लुगड्याच्या घडीत गुंडाळली.

शालूचे बाबा कापडगिरणीत वीजखात्यात होते, पण त्यांचा जीव लिहिण्यात होता. रेडिओ बोलतो कसा, विहिरीवरची मोटार जळते कशानं, शेणापासून गॅस होतो तो कसा, हे सगळं ते शेतकऱ्याला समजेल अशा मराठीत नागपूरच्या एका मासिकात लिहीत. संध्याकाळी गिरणीतून आले की चहा घेत मला आधी वाचून दाखवत. मला कळलं नाही तर तो भाग पुन्हा लिहीत. मग मंदी आली. कागद महागला आणि मासिक बंद पडलं. कापडाला उठाव राहिला नाही, म्हणून गिरणीनं आधी पाळ्या कमी केल्या आणि नंतर ह्यांच्यासारख्या कितीतरी जणांना घरी बसवलं. नोकरी गेल्याचं दुःख त्यांनी सोसलं, पण लिहिणं थांबलं तसा माणूसच मुका झाला. जुन्या अंकांची पेटी दाखवून एकदा म्हणाले, "रद्दीत घालून टाक. मराठीतलं मशीन कोणाले पायजे?" मी ती पेटी सामानात बांधून घेतली. पण मलाही त्यांचंच खरं वाटू लागलं होतं.

शेवटी समुद्रपूरच्या पुढे ह्यांचे मोठे भाऊ शेती करत, त्यांच्याकडे जायचं ठरलं. शालूची शाळा सुटणार होती, ती रडून रडून गप्प झाली होती. निघालो तो अष्टमीचा दिवस होता. परतीचा पाऊस आदल्या दिवशी धो धो कोसळून गेला होता. आमची एसटी समुद्रपूर सोडून थोडी पुढे गेली आणि एका नाल्याशी थांबली. रपट्यावरून, म्हणजे नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून, गढूळ पाणी वाहत होतं. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि सगळे उतारू खाली उतरले.

काठावरच्या गावात देवीचं देऊळ होतं, समोर मांडव घातला होता. अष्टमीचं कीर्तन होतं, चुलाणावर महाप्रसादाच्या भाजीची कढई चढली होती. पण कीर्तनकार महाराजच पलीकडच्या काठावर अडकले होते. तिकडूनही एक बस येऊन थांबली होती. त्यात गावात निघालेल्या बायका होत्या, लेकरं होती. आम्हाला त्यांचे फेटे नि पातळांचे रंग स्पष्ट दिसत होते, पण पाण्याच्या गर्जनेत शब्द काही ऐकू येत नव्हता. त्यात भर म्हणजे गावात आणलेला, कडुनिंबावर भोंगा बांधलेला लाऊडस्पीकर सकाळपासून मुका होता आणि तो भाड्यानं आणणारा माणूस डोक्याला हात लावून बसला होता.

ऊन पडलं, पाणी जरा ओसरल्यासारखं वाटलं. पलीकडच्या लोकांनी एक बैलगाडी आणली आणि महाराजांना, बायकांना तीत बसवायला सुरुवात केली. तेवढ्यात वरच्या अंगानं एक गडी धापा टाकत पळत आला. "वरचा बांध फुटला! पाणी येऊन राह्यलं! कोणी आत उतरू नोका!"

आमच्या काठावर एकच ओरडा झाला. सगळे हात हलवू लागले, फडकी उडवू लागले. आणि पलीकडच्यांना वाटलं, आम्ही त्यांना बोलावतोय! त्यांनीही आनंदानं हात हलवले. गाडीवान बैल जुंपू लागला.

हे मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. नजर त्या बंद पडलेल्या मशीनवर होती, पण पाय हलत नव्हते. तेव्हा गर्दीतून एक म्हातारी आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. तिनं सरळ ह्यांचं मनगट धरलं आणि म्हणाली, "बापू, उभा काऊन? तुले येते ना? मंग पाह्य!" त्यांना येतं हे तिला कोणी सांगितलं, मला ठाऊक नाही. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि जे धावले!

मशीनचं झाकण उघडलं. आत नाक खुपसून एकेक तार हलवून पाहिली. "तारेचा टाका निघाला आहे," ते ओरडले. "एक सळई तापवून आणा, लवकर!" आचाऱ्यानं चुलाणातून लाल झालेली सळई चिमट्यात धरून आणली. दुसऱ्या एका टाक्यावरचं थोडं शिसं ह्यांनी त्या सळईनं उचललं आणि सुटलेल्या तारेवर ठेवलं. चर्र आवाज झाला. त्यांचा हात सफाईनं चालत होता. कितीतरी महिन्यांनी मी तो हात असा पाहत होते. बटण दाबलं. भोंगा गप्पच. पलीकडे बैलांनी पाण्याकडे तोंड केलं होतं.

मी डोळे मिटले. देवीला काय मागावं ते सुचेना. नवस नाही, विनवणी नाही, सकाळचा राग आठवावा एवढंही भान नाही. आतून एवढंच निघालं, "आई, हे तुझं आहे. तू पाह्य." आणि खरं सांगते, छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. गाडी अजून तिथेच होती, भोंगा अजून गप्प होता, पण माझी भीती गेली होती. ह्यांनी सळई पुन्हा एकदा टेकवली.

आणि कडुनिंबावरचा तो भोंगा खरखरला! "थांबा! गाडी आत घालू नका! बांध फुटला आहे! मागं फिरा!" माईकवरचा ह्यांचा आवाज पाण्यावरून पलीकडे गेला. पुढचे पाय पाण्यात पडलेले बैल गाडीवानानं कासरा ओढून मागं घेतले. लोकांनी बायकांना हात देऊन उतरवलं, लेकरं वर ओढली. गाडी काठावर चढली आणि वळणावरून पाण्याची भिंत आली. अख्खी झाडं घेऊन आली. रपटा कुठे होता तेही दिसेना. मग पलीकडे महाराजांनी देवळाच्या दिशेनं हात जोडले, आणि आमच्या काठावर असा जयजयकार झाला की शालू माझ्या कमरेला घट्ट बिलगली.

पाणी उतरेपर्यंत लोकांना काठापासून लांब ठेवायचं होतं. सरपंच म्हणाले, "बोलत राहा जी साहेब, तुमचं आयकून राह्यले ते." ह्यांनी आधी "मागं राहा, मागं राहा" एवढंच म्हटलं. समोरच्या एका बाईनं विचारलं, "हा भोंगा बोलते कसा वो?" झालं! ह्यांना तोंड फुटलं. आवाजाची वीज कशी होते, विजेचा पुन्हा आवाज कसा होतो, ते सांगितलं. मग विहिरीवरची मोटार आली, मग गोबरगॅस आला. लोक हसत होते, विचारत होते, आणि ते जात्यावरच्या, मोटेच्या, बैलांच्या भाषेत सांगत होते. मी मांडवात बसून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

दिवस कलता कलता पाणी उतरलं. दोर धरून लोक अलीकडे आले. महाराजांच्या मागोमाग चष्मा लावलेले, बूट हातात घेतलेले एक गृहस्थ चिखल तुडवत आले. "भोंग्यावर बोलत होते ते कोण?" त्यांनी विचारलं; ते स्वतः रेडिओवर शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम करत. म्हणाले, "यंत्रावर बोलायला माणसं मिळतात, पण इंग्रजी सोडून बोलणारं कोणी मिळत नाही. तुम्ही याल?"

"मी बोलणारा नाई जी," हे गडबडून म्हणाले, "मी लिहिणारा आहे."

"मग लिहून आणा आणि असंच वाचा."

मी त्या म्हातारीच्या पायावर डोकं ठेवायला मांडवभर फिरले. कोणी म्हणालं आत्ता इथेच होती, कोणी म्हणालं अष्टमीला दहा गावच्या बाया येतात, कोणाला ओळखावं? ती मला सापडली नाही. ती कोण होती यावर मी कोणाशी वाद घालत नाही. देवळात गेले, तसबीर लुगड्यातून काढून देवीच्या पायाशी टेकवली आणि पुन्हा उराशी धरली.

मोठ्या दिरांच्या घरी काही महिने आम्ही राहिलो. शालू तिथल्याच शाळेत गेली. गिरणीतलं काम पुन्हा मिळालं नाही. ओढाताण एका दिवसात संपली नाही, पण घरात पुन्हा कागदाचा आणि शाईचा वास येऊ लागला. रेडिओवरच्या कार्यक्रमांमागून शेतकऱ्यांची पत्रं आली, पत्रांमागून मोटारी दुरुस्त करायचं शिकवण्याची बोलावणी आली. पुढे आम्ही पिपरी मेघेत बिऱ्हाड केलं आणि ऐंशीनंतर ह्यांचं पुस्तकही निघालं. या सगळ्यात मी एवढंच शिकले, की काळजीचं ओझं माझ्या हातात होतं तोवर मी ते घट्ट आवळून बसले होते. सोडलं तेव्हा कळलं, झेलणारी आधीपासून उभीच होती.

पण मला सगळ्यात जास्त आठवते ती ह्यांचं पहिलं भाषण लागलं ती संध्याकाळ. दिरांच्या अंगणात सारा गाव जमला होता. स्टुलावर रेडिओ ठेवला होता. निवेदकानं ह्यांचं नाव घेतलं, आणि माझी जाऊ एकदम उठून घरात गेली. कोयरी घेऊन आली आणि रेडिओच्या पेटीला बोटानं हळद-कुंकू लावलं.

"काऊन वो बाई?" कोणीतरी हसलं.

"चूप राह्य," ती म्हणाली. "आयकू दे."

सगळं अंगण चूप झालं, आणि आम्ही ऐकू लागलो.