कळकलेला तांब्या

पेशवाईच्या भरातली गोष्ट. कसब्यातल्या तांबट आळीत दिवस उजाडायचा तो हातोड्यांच्या आवाजाने. त्या सगळ्या गलबल्यातून अनंताचा ठोका आनंदी घरात बसून ओळखायची. ती त्याची थोरली बहीण, लहान वयात विधवा होऊन माहेरी परतलेली. अनंताची बायको श्यामला बाळंतपणात गेली आणि तेव्हापासून तो ठोका भांड्यावर नीट पडेना. तोंडाला दारूचा वास येऊ लागला.

शहरात दारूला बंदी. कोतवालीच्या शिपायांनी झिंगलेला धरला तर भावाची धिंड निघेल, दुकानाला टाळं लागेल, हे आनंदी जाणून होती. म्हणून दारू आणतो कोण, याच्या ती मागे लागली. तिने रांजण हुंगले, भात्यामागे हात घालून पाहिला. माणूस घरात आला की तिची नजर त्याच्या तोंडाआधी हाताकडे जायची. रोज संध्याकाळी येणारा एकच होता, पागेतला जयसिंग, अनंताचा लहानपणचा सोबती. उपरण्याखाली तांब्या झाकून आणायचा. दोघे पडवीत कुजबुजत बसायचे आणि ती आली की गप्प व्हायचे.

एकदा जयसिंग तांब्या पडवीतच विसरला. आनंदीने उजेडात धरून पाहिला. आतली कल्हई उडालेली, बुडाशी हिरवा कळक. ती तांबटाच्या घरची बाई. रोज काही आंबट ठेवल्याशिवाय भांडं असं कळकत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. दारूही आंबवलेलीच.

दुसऱ्या दिवशी तिने जयसिंगाला उंबऱ्यावरच अडवलं.

"घोड्यांना पाणी पाजून हौस फिटत नाही वाटतं तुझी?"

 तो आल्या पावली परत गेला.

आता भाऊ सुधारेल म्हणून ती वाट पाहत राहिली. अनंत मात्र भर दुपारीच दिसेनासा होऊ लागला. शेवटी ती त्याच्या मागावर गेली. नदीपलीकडच्या गुत्त्यात तो एकटा शिरला आणि झोकांड्या खात एकटाच बाहेर आला. ती तशीच पागेकडे वळली.

जयसिंग घोड्याला खरारा करत होता. तांब्यात काय असायचं, असं तिने सरळच विचारलं.

"चिंचेचं पाणी, आक्का. उतारा. शिपायांची फेरी यायच्या आत तो शुद्धीवर यावा म्हणून."

"मग मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कुठे? निवाडाच दिलात."

तरी तिच्या मनातली अढी पुरती सुटेना. "मग कुजबुज कसली चालायची? मी आले की गप्प का व्हायचात?"

जयसिंगाचा हात थांबला. "श्यामलावहिनींबद्दल बोलायचा तो. तुमच्यासमोर नाव काढलं की तुम्ही उठून जाता म्हणे."

ते खरं होतं. भावाला त्रास नको म्हणून तिने श्यामलेची लुगडीसुद्धा पेटीत घालून कुलूप लावलं होतं.

त्या संध्याकाळी ती जयसिंगाला घेऊनच घरी आली. चिंच तिने स्वतः मातीच्या भांड्यात कोळली. अनंत आला, भिंतीला टेकून बसला, मुकाट्याने ते पाणी प्यायला. जरा वेळाने तिने विचारलं, "अनंता, पुरण वाटताना श्यामला काय रे गुणगुणायची?"

 अनंत हळूहळू सांगू लागला. जयसिंग उठायला लागला, तर आनंदीने हातानेच त्याला बसवलं.