कवळीमामांचं ‘येतो’

कवळीमामांना माणसांची नावं लक्षात राहत नसत, जबडे राहत. रस्त्यात कुणी हात केला की मामा आधी त्याच्या तोंडात बघायचे आणि मग ओळख द्यायचे. “हां हां, खालचा डावा सुळा तिरका! बरं आहे ना?” एकदा मामीनं विचारलं, “मला बघायला आलात तेव्हा चेहरा बघितलात की दात?” मामा पडले सरळ माणूस. म्हणाले, “दात. तू आधी हसलीस ना.” ते ऐकून मामी दोन दिवस हसलीच नाही.

चौतीस वर्षं मामांनी कवळ्या केल्या. तोंडाचं माप घ्यायचं, प्लास्टरचा ठसा काढायचा, मेणावर दात लावायचे, माणसाला चावून बघायला सांगायचं आणि मग घासत बसायचं. अर्ध्या गावाचं हसू त्यांच्या हातचं होतं, आणि त्याचा मामांना बारीकसा माजही होता. माझी कवळी तोंडातून पडणार नाही, असं ते कुणी न विचारता सांगायचे.

एका रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी त्यांना बाजूला घेतलं. परदेशात मिशनचा दवाखाना होता, तिथं आठ महिन्यांसाठी कवळ्या करणारा माणूस हवा होता.

“मामा, बोलावणं आलंय.”

“कुणाचं? प्रभूचं की डॉक्टरचं?”

“दोघांचं एकदम आलंय. नाही म्हणायची सोय नाही.”

मामीला विचारलं तर ती म्हणाली, “जा की! आठ महिने माझ्या कणकेत प्लास्टर सापडणार नाही.” पण मामांच्या बॅगेत तिनं सहा लोकरी मोजे कोंबले. ते जोडीचे नव्हते. घाई झाली होती म्हणाली.

दवाखान्याच्या मागे पत्र्याची एक खोली मामांना कामाला मिळाली. तिला एकच खिडकी होती आणि ती उघडली की बंद होत नसे, बंद केली की उघडत नसे. छताला एक गळती. मामांनी तिच्याखाली प्लास्टर कालवायचं घमेलं ठेवलं. पाणी आयतं मिळायला लागलं. राहायला जवळच एका विधवा बाईची खानावळ होती. वरच्या मजल्यावर मामांची खोली. बाई मामांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, आवाज खणखणीत आणि तोंडात दात चार. मामा तिला अक्का म्हणायला लागले. तिला वाटलं, त्यांच्या भाषेत मालकिणीला असंच म्हणतात. तिनं ते चालवून घेतलं.

चार दातांची बाई स्वयंपाक कसा करणार? स्वतःला चावेल तेच शिजवणार. बटाटा, गाजर, मांस, काहीही असो, ताटात येताना त्याचा गरगटा झालेला असायचा. मामांचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. तीन महिने त्यांना काम नव्हतं. चौथ्या महिन्यात मामांनी स्वतःहून अक्काला खुर्चीत बसवली, माप घेतलं आणि कवळी करून दिली. ती लावून अक्कानं पहिल्यांदा कच्चं गाजर कडाकडा चावून खाल्लं आणि उरलेलं मामांच्या दिशेनं रोखून काहीतरी बोलली. मामांना शब्द कळले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून ताटातला बटाटा बटाट्यासारखा दिसायला लागला.

भाषेचं म्हणाल, तर डॉक्टरनं मामांना एका वहीत चाळीस शब्द लिहून दिले होते. उघडा. मिटा. चावा. थुंका. दुखतं का? थोडं सहन करा. दोन दिवसांत सवय होईल. कवळीवाल्याला एवढ्यावर संसार चालवता येतो. मामांनी आपणहून फक्त एकच शब्द मागून घेतला. कुणाकडून निघताना काही म्हणायला नको? डॉक्टरचं आणि मामांचं बोलणं मोडक्या इंग्रजीत व्हायचं. मामांनी विचारलं, “‘येतो’ कसं म्हणतात?” डॉक्टरनं लिहून दिलं. बिचाऱ्यानं बरोबर लिहून दिलं. ‘जातो’ कसं म्हणतात, हे मामांनी विचारलंच नाही. दारात उभं राहून ‘जातो’ म्हणायला ते काय भांडून निघाले होते?

मग काय, दवाखान्यातून निघताना ‘येतो’. वाण्याच्या दुकानातून निघताना ‘येतो’. पोस्टमनच्या तोंडात मापाचा साचा घट्ट व्हायला ठेवला होता, तो काढला, गळ्यातलं फडकं सोडायचं राहिलं, तेवढ्यात जेवायची वेळ झाली. मामा म्हणाले, ‘येतो’, आणि गेले. दोन तासांनी परतले तर पोस्टमन तसाच खुर्चीत, गळ्यात फडकं, मांडीवर टपालाची पिशवी. मामांना गहिवरून आलं. काय ही श्रद्धा!

आठ महिन्यांनी निघायचा दिवस आला. अक्का दारात उभी होती. मामांना पुष्कळ बोलायचं होतं, पण वहीतल्या चाळीस शब्दांत त्यातलं काहीच नव्हतं. ‘थुंका’ होतं, ‘चावा’ होतं. मामांनी तिचा हात धरला, ‘येतो’ म्हणाले आणि गाडीत बसले.

परत आल्यावर चर्चच्या मंडळींपुढं मामांनी भाषण केलं. त्यांनी डॉक्टरचे आभार मानले, पोस्टमनचे मानले, पत्र्याच्या खोलीचे मानले, न मिटणाऱ्या खिडकीचे मानले, आणि गळक्या छताचेसुद्धा. “तिथली माणसं फार प्रेमळ,” मामा म्हणाले. “आपण निघालो तरी दार लावत नाहीत. आपण दिसेनासे होईपर्यंत वाट बघत उभी राहतात.” मंडळींतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. अक्काचं नाव त्यांनी घेतलं नाही. तिचा निरोप तर मी हात धरून घेतला, असं त्यांच्या मनात होतं.

चार महिन्यांनी डॉक्टरचं पत्र आलं. इंग्रजी होतं म्हणून पाळकसाहेबांना बोलावलं. ते स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वाचायला लागले आणि वाचता वाचता थांबले.

“मामा, तुम्ही परत जाणार आहात का?”

“मी? कुठं?”

“इथं लिहिलंय, खानावळवाल्या बाईनं तुमची खोली कुणाला दिलेली नाही. विजेच्या ऑफिसातला एक माणूस दोनदा विचारून गेला. तिनं सांगितलं, खोली रिकामी नाही, आमचा माणूस येतो म्हणून सांगून गेलाय. रोज ताट लावते. डॉक्टर लिहितात, मी लोकांना मरणाच्या बातम्या देतो, पण ही बातमी मला देववत नाही. एक तर या, नाहीतर तुमचं तुम्ही कळवा. आणि पुढं लिहिलंय, तुम्ही इथं प्रत्येकाला येतो म्हणून का जात होता, हे आम्हाला कधीच कळलं नाही. आम्हाला वाटलं, तुमचा स्वभाव विसराळू आहे.”

पोस्टमन खुर्चीत का बसून राहिला, दारं का उघडी राहत होती, सगळं एकदम मामांच्या ध्यानात आलं. कान लाल झाले.

मामीनं चहाची कपबशी पुढं सरकवली. “आठ महिने राहिलात, एक शब्द मागून शिकलात, आणि तोही उलटा लावलात!”

“अगं, शब्द बरोबरच होता.”

“मग माणूस उलटा होता.”

“तिला काय वाटत असेल गं? खोटारडा म्हणेल मला.”

“अजून म्हणत नाहीये, हीच तर पंचाईत आहे,” मामी म्हणाली. “म्हणाली असती तर खोली दिली असती त्या विजेवाल्याला.”

मामांना तेच लागलं. जगात कुणी काही म्हणो. पण जिनं आठ महिने खाऊ घातलं, ती बाई त्यांच्या एका शब्दावर चार महिने ताट मांडून बसली होती, आणि मामा इथं बसून गळक्या छताचे आभार मानत होते. पुन्हा जाणं शक्य नव्हतं. तिकडं आता दुसरा माणूस कामाला आला होता आणि मामांचे गुडघे आता विमानाला तयार नव्हते.

पाळकसाहेब म्हणाले, “मी लिहून देतो.” दोन दिवसांनी तीन पानं घेऊन आले. पहिल्या पानावर कृपा होती, दुसऱ्यावर कृतज्ञता.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. “पाळकसाहेब, झकास आहे. पण मी येत नाही, हे यात कुठं आहे?”

“तिसऱ्या पानावर. सूचित केलंय.”

“सूचित करून चालणार नाही हो. अक्का सूचित गोष्ट ऐकून घेत नाही. तिला ओरडून सांगावं लागतं.”

“मग तुम्हीच सांगा, मी इंग्रजीत उतरवतो. पण सभ्य भाषेत सांगा.”

मामांनी खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली. मामी भांडी घासायची थांबली.

“अक्का, मी येत नाही. हे आधी सांगतो, कारण तुम्हाला शेवटपर्यंत धीर निघत नाही. आमच्याकडं निघणारा माणूस ‘येतो’ म्हणतो. ‘जातो’ म्हटलं तर घरची माणसं अंगावर येतात. मी तुम्हाला फसवलं नाही, मी निघालो होतो. पाळकसाहेब, हे नीट लिहा हं. ‘निघालो’खाली रेघ मारा.”

“मारली.”

“खोली विजेवाल्याला देऊन टाका. पलंगाचा डावा पाय लंगडा आहे, त्याखाली मी लाकडाची चकती घातली आहे, ती काढू देऊ नका. आता दुसरं. इथं आल्यावर मी सगळ्यांचे आभार मानले, तुमचे राहिले. पहिल्या महिन्यात मला ताप आला, तेव्हा तुम्ही दाराबाहेर पातेलं ठेवून झाकण वाजवत होता. मी उठेपर्यंत वाजवत होता. मला त्या वेळी तुमचा राग आला होता. माझ्या बुटांचं प्लास्टर जिन्यावर पडतं म्हणून तुम्ही रोज शिव्या दिल्या. शिव्याच असणार, शब्द वहीत नव्हते. पण मग एक दिवस बघितलं तर तुम्ही खालपासून वरपर्यंत जिन्यावर पोती अंथरली होती. माझ्या कोटाची बाही तुम्ही लाल दोऱ्यानं शिवली. कोट काळा आहे. मी तो अजून घालतो. आमची मंडळी म्हणतात, परदेशातली फॅशन असेल.”

पाळकसाहेबांचं पेन थांबलं. “एवढं सगळं लिहू?”

“सगळं लिहा.”

“आणि गरगटा?” मामीनं मागून विचारलं. “मला तर रोज ऐकवता.”

“हां. लिहा, तीन महिने तुम्ही मला बटाट्याचा गरगटा घातला. माझ्या दातांना गंज चढला. पण पोट एकदाही रिकामं ठेवलं नाहीत. कवळी केली ती उपकार म्हणून नव्हे, स्वार्थ होता. मला बटाटा चावून खायचा होता.”

पत्र गेलं. मामा उघडपणे वाट बघत नव्हते, पण इथला पोस्टमन गल्लीत शिरला की त्यांना हटकून दारातली कुंडी सरळ करायची आठवण यायची. मामी म्हणाली, “कुंडी आता गोल गोल फिरायला लागलीय.” पाच आठवड्यांनी उत्तर आलं. अक्कानं सांगितलेलं आणि डॉक्टरनं लिहिलेलं. पाळकसाहेब निरोप मिळताच आले. मंडळींत कुणाचं बारसं होतं, ते तसंच टाकून आले.

“वाचा,” मामा म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

“तुझं पत्र मिळालं,” पाळकसाहेब वाचायला लागले. “ते मी दवाखान्यात नेऊन सगळ्यांना वाचून दाखवायला लावलं. तू दात दिलेली माणसं जमली होती. पोस्टमन विचारतो, तू जाताना येतो म्हणायचास, तर तू त्याला ‘दोन दिवसांत सवय होईल’ म्हणाला होतास, तेही उलटं होतं का? कारण त्याला दोन महिने लागले.”

मामी पदर तोंडाला लावून बसली. “खरं सांगा, किती दिवस लागतात?”

“पंधरा,” मामा भिंतीला म्हणाले. “पण पंधरा सांगितले तर कुणी कवळी लावतच नाही.”

“शिंपी विचारतो,” पाळकसाहेब पुढं वाचत होते, “त्याला तू ‘दुखणार नाही’ म्हणाला होतास...”

“पुढं वाचा हो, पुढं!”

“खोली विजेवाल्याला दिली. तो जिन्यावर पाय पुसून येतो, त्यामुळं त्याला बोलायला मला काही उरत नाही. तापाचं तू सांगितलंस म्हणून सांगते. झाकण मी वाजवत होते, कारण तू आत मेलास तर मिशनला काय सांगू, ही मला काळजी होती. लाल दोरा होता म्हणून लाल लावला. आभार कसले मानतोस? आणि एक तक्रार आहे. डॉक्टर तुझं पत्र वाचत होते, बटाट्याचं आलं, आणि मला हसू आवरेना. वरची कवळी निसटून सगळ्यांसमोर माझ्या मांडीवर पडली.”

मामा खाडकन वळले. “पडली? वरची?”

“मांडीवर, असं लिहिलंय.”

“शक्यच नाही! माझी वरची पडतच नाही. चौतीस वर्षांत एक पडलेली नाही. अगं, तू सांग, पडलीय कधी?”

“मला काय विचारता, माझे दात माझे आहेत.”

मामा उठून खोलीभर येरझाऱ्या घालायला लागले. “पाळकसाहेब, कागद घ्या. ताबडतोब लिहा. अक्का, तुम्ही किती मोठ्यानं हसलात, ते आधी कळवा.”