आमच्या गेटवरचे ट्रक आणि बोर्डवरची ऑर्डर

मंडळी, शेअरच्या या ऑनलाइन मेसेज बोर्डवर आठवडाभर डोंबिवलीच्या ज्या रंगाच्या कंपनीचा शेअर गाजतोय, तिथे मी डिस्पॅचला आहे. "गेटवर ट्रकची रांग लागते, म्हणजे एक्स्पोर्टची मोठी ऑर्डर असणार," असं कोणीतरी इथे टाकलं आणि भाव चढायला लागला.

ट्रक खरे आहेत, पण ते शेजारच्या कंपनीचे. त्यांच्या दारातला रस्ता खोदलाय म्हणून आमच्यासमोर उभे राहतात. काल हे मी इथे लिहिलं, तर उत्तर आलं, "भाव पाडून स्वस्तात घ्यायचाय वाटतं?"

आज सकाळी आमचे कोपर गावातले घरमालक जनादादा भेटले. त्यांनी सायबर कॅफेत जाऊन हा बोर्ड वाचून घेतलेला. जमिनीचे पैसे आलेत, त्यातून ते हाच शेअर घ्यायला निघालेले.

मी म्हटलं, "दादा, थांबा. कंपनीतून माल मीच बाहेर पाठवतो. अशी काही ऑर्डर नाहीये."

ते हसले. "अरं, तू तं तिथं नोकर. तुला कोन सांगनार?"

संध्याकाळपर्यंत भाव आणखी वर गेला. दादांनी सकाळीच शेअर घेऊन टाकलेला, त्यांनी आमच्या घरी पेढे पाठवले. बायको म्हणाली, "तुमच्या कंपनीत एवढं चाललंय आणि तुम्ही घरात बोलला पण नाहीत?"

मी पेढा उचलला. पण खरं सांगतो, पेढा खाताना मनात आलं, उद्या साहेबांना एकदा विचारून बघावं, ऑर्डर आलीय का म्हणून.

माझ्या जागी तुम्ही असतात, तर विचारलं असतंत?