अंगठ्याएवढा टिळा

घोडीबरोबर टेंपोतून प्रवास करायची हौस मला कधीच नव्हती. पण अलिबागहून मी माहेरी, ठाण्याच्या कोपरीत, चार दिवस आराम करायला आले आणि दुसऱ्याच सकाळी धाकट्या भावाने, जनार्दनने, मला टेंपोत चढवलं. पुढे ड्रायव्हरशेजारी मी आणि वहिनी, मागे त्याची काळीभोर घोडी चांदणी आणि तिच्याजवळ तो. माझ्या मांडीवर सरकारी कागदांची फाइल होती.

कल्याणच्या पलीकडे घोड्यांचं प्रदर्शन आणि विक्री होती. जनार्दनला घोडी विकायची नव्हती. तिला एकदा चारचौघांत रिंगणात फिरवायचं होतं, एवढंच. सात वर्षांपूर्वी चांदणी जन्मली आणि त्याच महिन्यात वहिनीने अंथरूण धरलं. घोडीच्या कपाळावर अंगठ्याखाली झाकला जाईल एवढा पांढरा टिळा. ही मोठी खोड, मालकिणीच्या जिवावर उठते, असं जो तो सांगायला लागला. जनार्दनने घोडी विकून टाकली नाही. वहिनी बरी झाली, पण लोकांची तोंडं काही बंद झाली नाहीत. आजही कोपरीत लग्नाला चांदणीला कोणी बोलावत नाही.

हल्ली घोडा उचलला आणि प्रदर्शनाला नेला, असं चालत नाही. रक्ततपासणीचा अहवाल, तब्येतीचा दाखला, वाहतुकीचा वेगळा. मी पंचायत समितीत कारकून होते, त्यामुळे हे सगळं फोनवरून मीच मार्गी लावलं होतं. "बाय, घोरी (घोडी) न्यावाची का तिची सोयरीक करावाची?" म्हणून भाऊ कुरकुरत होता. मी दुर्लक्ष केलं. कागद चोख असला की माणसाची मान ताठ राहते, हे माझं जुनं मत आहे.

कळव्याचा खाडीपूल ओलांडला तेव्हा ओहोटी होती आणि चिखलात बगळे उभे होते. मुंब्र्याच्या डोंगराखाली अर्धा तास अडकलो. मधल्या खिडकीतून चांदणी माझ्या नव्या साडीवर यथेच्छ शिंकली. शिळफाट्याला चहा घेतला आणि वहिनीने डब्यातली तांदळाची भाकर नि सुकटीची चटणी काढली. शेजारचा ट्रकवाला फाइल बघून म्हणाला, "मॅडम, घोड्याला पण पासपोर्ट लागतो काय?"

"तुम्हाला लायसन लागतं ना? मग तिनं काय घोडं मारलंय?" मी म्हटलं. तो हसत सुटला.

डोंबिवलीच्या कंपन्यांचा वास मागे पडला, काटईहून वळलो आणि मलंगगडाचे सुळके दिसले. त्याच्या पायथ्याच्या मैदानावर मांडव होते. फाटकावर पशुवैद्यकीय खात्याची एक तरुण डॉक्टर प्रत्येक घोडा कागदाशी ताडून बघत होती. अहवालावर घोड्याची आकृती असते आणि तिच्यावर अंगावरच्या खुणा काढलेल्या असतात. तिने चांदणीच्या कपाळावरचा लोकरीचा गोंडा उचलला आणि थांबली.

"कागदावर पांढरा टिळा आहे. इथे नाही. ही ती घोडी नाही."

मी उतरून बघितलं. कपाळ काळं कुळकुळीत. जनार्दन खाली मान घालून उभा होता.

"काय केलंस रे?"

"बुटाचं पॉलिश," तो पुटपुटला. "पहाटंच लावलं."

माझा पारा चढला. एवढे कागद जमवले आणि या शहाण्याने घोडीच खोटी केली. डॉक्टर शांतपणे म्हणाली, "दादा, एका घोडीचं रक्त दाखवून लोक दुसरीच आत घालतात. रोग आत गेला तर सगळे घोडे जातील, माणसालासुद्धा होतो तो. खूण जुळल्याशिवाय मी सोडणार नाही."

"लोक परत तुझ्या वहिनीच्या तोंडावर तेच बोलले असते," जनार्दन माझ्या कानाशी म्हणाला. "मना ते आयकवत नाय."

वहिनीने ते ऐकलं. चांदणीच्या आयाळीसाठी आणलेली खोबरेल तेलाची बाटली तिने उघडली, रुमाल भिजवला आणि भर फाटकात कपाळ पुसायला लागली. माणसं जमली. हळूहळू टिळा उजळला. एक म्हातारा व्यापारी म्हणाला, "अरेरे, खोडीची आहे. मालकीण टिकत नाही."

"मीच ती मालकीण," वहिनी म्हणाली. "सात वर्षं झाली. नीट बघून घ्या."

डॉक्टरने कागद बघितला, टिळा बघितला आणि शिक्का मारला.

रिंगणात चाबूक न्यायला बंदी होती. चाबकाच्या धाकाने चालणारे घोडे जागीच फुरफुरत राहिले. जनार्दनने आयुष्यात चाबूक धरलेला नाही. त्याने जीभ टाळ्याला लावून टक केलं आणि चांदणी मान उंच करून अशी चालली की माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू? माद्यांच्या गटात ती पहिली आली. तोच म्हातारा किंमत विचारायला आला.

"ईकाची नाय," जनार्दन म्हणाला.

येताना वहिनी मागे नवऱ्याजवळ आणि घोडीजवळ बसली. मी विचार करत होते. 'ओळखीच्या खुणा' हा रकाना मी नोकरीभर लोकांकडून भरून घेतला. लोक व्रण, डाग सांगताना ओशाळायचे आणि मी घाई करायचे. आता करणार नाही म्हणावं, तर नोकरी संपली.

संध्याकाळी कोपरीत बातमी आमच्या आधीच पोचली होती. 'घोडी घालवा' म्हणून सर्वांत जास्त मागे लागलेल्या शेजारच्या काकू ओवाळायला तबक घेऊन आल्या. कुंकवाचा अंगठा त्यांनी सवयीने थेट टिळ्यावर नेला. वहिनीने त्यांचा हात हलकेच धरला आणि चार बोटं खाली आणला.

"इथं लावा, काकू. तो झाकू नका."