कौसाआजीची चौथी

कौसाआजी मेली.

"वारली" लिहिलं असतं तर तीच म्हणाली असती, "सरळ बोल ना बे."

वय नव्वदीच्या पुढं. शिक्षण तिसरी.
चौथी तिची एका तोंडावर खरं बोलणाऱ्या माणसानं घालवली.

माझी ती कोणी नव्हे. आमच्या गोंदियाकडच्या प्रतापगडला निघालो होतो, सौंदड स्टेशनवर चहासाठी उतरलो आणि ट्रेन गेली.
(माझं असंच असते. बोदलकशाच्या तलावावर नुसते मासे पाहायला गेलो, तर आठवडाभर तिथंच. जाऊ द्या.)

स्टेशनमागच्या घरी पाणी मागितलं. आजीनं पाणी दिलं, मग भात वाढला. तेव्हापासून जातच राहिलो.

मागच्या इलेक्शनच्या वेळी मी तिला मोबाइलवर एक रील दाखवली. मोठा बिझनेसमन, एकदम बिनधास्त. देश कंपनीसारखा चालवा म्हणत होता.

मी म्हटलं, "आजी, असा माणूस पाहिजे आपल्याले."

"तोंडावर बोलते काय?"

"एकदम."

"आमचा सेठबी तोंडावरच बोले," ती म्हणाली आणि सुपातले तांदूळ निवडत राहिली.

मग सांगितलं.

इंग्रज जायच्या थोडं आधीची गोष्ट. सेठचा गोंदियात बिडीचा कारखाना. आजीची माय त्याच्यासाठी घरी बिड्या वळे. माल घेऊन गेली की सेठ स्वतः तपासे. बिडी पसंत नाही पडली तर बाजूला टाकायची आणि एकच शब्द.

"छाट."

वळणारीनं वाद घालायचा नाही. त्या बिडीची मजुरी बुडाली. बिडी मात्र सेठकडेच राहिली.

हा सेठ जिल्हा कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहिला. गावोगावच्या शाळा तेव्हा कौन्सिलच्या हातात.

आजीच्या माहेरगावी सभा झाली. सेठ म्हणाला, "मैं झूठ नहीं बोलता. जो खर्चा बेकार है, छाट दूँगा."

टाळ्या.
सगळ्यात जोरात आजीच्या बापाच्या.

मत जमीनवाल्यांनाच होतं. बापाला होतं, मायला नव्हतं.

घरी आल्यावर माय म्हणाली, "छाट म्हन्ला ना तो? मंग आपलंच काही जाईल."

"तुले का समजते? तो वरच्या लोकायले छाटन."

"वरच्यायले कधी छाटलं जी त्यानं? समोर उभी राह्यते, तिलेच छाटते."

बाप हसला. मत दिलं. सेठ निवडून आला.

पहिल्याच साली गावची शाळा बंद. पोरं कमी, मास्तरचा पगार फुकट जाते म्हणे.

आजी नुकतीच तिसरी पास झाली होती. तिला मास्तरीण व्हायचं होतं. मास्तरीण तिनं पाहिलीही नव्हती, मास्तरनं नुसतं सांगितलं होतं की अशी बाई असते.

बाप तिला घेऊन गोंदियाला गेला.

"सेठजी, शाळा काऊन बंद केली? पोरगी हुशार आहे जी."

सेठ चिडला नाही. चहा सांगितला.

"मैंने पहले बोला था कि नहीं?"

"बोलले होते जी."

"ताली बजाई थी?"

बापानं मान डोलावली.

"फिर?"

बस. एवढंच बोलणं.

पुढच्या हंगामात शाळेच्या खोलीत सेठचा तेंदूपत्ता येऊन पडला. पानं कापायला गावच्या पोरी बसवल्या.
सेठ सगळ्यांना सांगे, "बंद मकान को काम दिया, लड़कियों को भी काम दिया."
यात खोटं काहीच नव्हतं.

आजी जिथं पाटी घेऊन बसे, तिथंच कैची घेऊन बसली.

मी वैतागलो. म्हटलं, "मग काय आजी, लबाडाले मत द्यायचं?"

"लबाडाच्या मागं लागता येते बापू. दहा हेलपाटे घातले का शब्द फिरवते तो. हा त शब्दाचा पक्का. ह्याले काय म्हणावं?"

मी मोबाइल खिशात टाकला.
सगळेच आता तोंडावर बोलून राहिले आणि आपण टाळ्या वाजवून राहिलो. प्रत्येकाला वाटते, छाटणार ते दुसऱ्याचं.

इंग्रज गेले. थोड्याच दिवसांत गावची शाळा परत उघडली.
आजीला ही खबर सासरी मिळाली. लग्न होऊन गेलं होतं. गुडघाभर चिखलात धानाचा रोवणा चालू होता आणि बांधावरून कोणीतरी सांगितलं.

"मग काय केलं?" मी विचारलं.

"काय करतो? वाकली होती, वाकलीच राह्यली."

आज सकाळी तिच्या नातवाचा फोन आला.
मी ट्रेनमध्येच आहे. या वेळी सौंदडला उतरेन, पण चहासाठी नाही.

आजी, सुखानं जाय. पाया पडतो.