दोन्ही पक्ष गैरहजर

"केसचा नंबर काय?" मी विचारलं.

"विहिरीची केस हाय," चंद्राबाई म्हणाल्या.

मी रोह्याच्या कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले. आता दर मंगळवारी पेणला मोफत कायदा सल्ल्याच्या टेबलावर बसते. लोकांच्या केसला विहीर असते, बांध असतो, मेव्हणा असतो. नंबर तेवढा नसतो.

चंद्राबाईंचं गाव वडखळजवळ, खाडीकाठी. दोन भावांत एक विहीर. धाकट्यानं, म्हणजे यांच्या नवऱ्यानं, थोरल्यावर दावा लावला. कोर्टानं 'जैसे थे' हुकूम दिला. म्हणजे निकालापर्यंत आहे तसं ठेवा. त्या दिवशी विहिरीला थोरल्याचं कुलूप होतं, म्हणून ते तसंच ठेवलं. पुढे दोन्ही भाऊ वारले. कुलूप ठणठणीत. दोघी जावा समोरासमोरच्या दारांतून नळावर हंडे नेतात, एकमेकींशी न बोलता. नळाला दोन दिवसाआड पाणी.

"लेक बाळंतपणाला आलीय. पाणी पुरत नाय. वकील वारले, मग केस कोन बघनार?"

"वकिलाशिवाय बघता येत नाही असं कोण म्हणालं?"

"सगलेच."

सगळे म्हणजे ज्यांनी कधी बघितली नाही ते. कोर्टाच्या वेबसाइटवर पक्षकाराच्या नावानं केस शोधता येते, फुकट. आडनाव इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलं. तिसऱ्यांदा संगणक प्रसन्न झाला. केस निकाली. आठ वर्षांपूर्वी.

कसली निकाली, ते कळायला हुकुमाची नक्कल हवी, म्हणजे कोर्टाच्या शिक्क्याची प्रत. चंद्राबाईंच्या नावानं अर्ज लिहिला, स्टॅम्प लावला, पुढचा मंगळवार दिला.

त्या मंगळवारी टेबलापुढे थोरल्या जाऊबाई, सुमनबाई, आधीच हजर. "हिला फुकट वकील देताय ना? मलापन द्या."

कायद्यानं मिळतो. बाई असणं एवढीच पात्रता पुरते. बाई असण्याचा इतका सरळ फायदा मला दुसऱ्या कुठल्या ऑफिसात दिसलेला नाही. मी दोन फॉर्म काढले, तेवढ्यात चंद्राबाई नक्कल घेऊन आल्या. एकच पान. मी मोठ्यानं वाचलं, "दोन्ही पक्ष गैरहजर. दावा काढून टाकला."

"तारीख परत वाचा," सुमनबाई म्हणाल्या.

वाचली. त्या खुर्चीत बसल्या.

"त्या दिवशी सासू पडली व्हती गो. दोघा भावांनी उचलून पनवेलला नेली."

"एकाच रिक्षात," चंद्राबाई म्हणाल्या. "परत आनली ती मयतच."

दिवसकार्यात कोर्ट राहिलं. नंतर प्रत्येकाला वाटलं, दुसरा तारखांना जातोय.

"मग त्यो हुकूम?" सुमनबाईंनी हळूच विचारलं.

"दाव्याबरोबर तोही गेला. आठ वर्षं तुम्ही नसलेला हुकूम पाळलात. असे पक्षकार मला अख्ख्या नोकरीत भेटले नाहीत."

सुमनबाईंनी नक्कल घडी करून जावेच्या हातात दिली.

"चावी गंजली असंल," सुमनबाई म्हणाल्या.

"माझ्याकं हातोडा हाय."

वकिलाचे दोन्ही फॉर्म कोरेच राहिले. कोर्टाची नोंद बघायला वकील लागत नाही. नंबर नसला तर नाव चालतं. समोरच्या दारात जाऊन विचारणं त्याहून सोपं. पण ते कुणी करत नाही, म्हणून माझा मंगळवार चालू आहे.