तोंड धुऊन गाणारी बाई

त्या दिवशी दुपारी आम्ही दोघं स्वयंपाकघरात मेथी निवडत बसलो होतो आणि बाई गात होती. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, त्या गायिकेचं नाव कधी घेतलं नाही. "आपली बाई" म्हणायची. मीही नाव घेत नाही. टेक्सासकडची जुन्या काळातली कंट्री, म्हणजे तिकडची गावाकडची गाणी, गाणारी बाई, कधीच वारलेली. तिच्या जुन्या टेप कुठेतरी सापडल्या म्हणे, आणि एका कंपनीने त्या साफसूफ करून नव्याने रेकॉर्ड काढल्या. आमच्या लेकीने, अंजूने, तिच्या गावाहून, लांब ईडन प्रेरीहून, आईसाठी ती रेकॉर्ड मागवली होती. सकाळी खोकं दारात आलं होतं. मेथी निवडणं आणि ते ऐकणं, हे आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम. तेव्हा काय माहीत.

मला लिहायची सवय नाही. शाळा सातवीत सुटली, पुढे सगळा जन्म एसी दुरुस्त करण्यात गेला, आधी तिकडे आपल्या देशात, मग इथे टेक्सासात, प्लेनोत. पण सुमनबद्दल चार लोक गोड गोड बोलून गेले, "फार शांत होती हो," म्हणाले. शांत? सुमन? तिला ओळखतच नव्हते ते. म्हणून लिहितो.

इथे आल्यावर सुमन एका शाळेच्या किचनमध्ये कामाला लागली. डोक्याला जाळी, हातात मोठा डाव, समोर पोरांची रांग. इंग्रजी शून्य. तिच्या शेजारी रूथ नावाची गोरी म्हातारी कामाला होती. तिचा रेडिओ दिवसभर चालू असायचा आणि त्यात ही बाई. सुमन जे इंग्रजी शिकली ते रूथकडून आणि या बाईकडून. त्यामुळे तिचं इंग्रजी आमच्या अंजूसारखं नव्हतं, कुठल्यातरी म्हाताऱ्या शेतकरणीसारखं होतं. पोरांना म्हणायची, "हनी, ईट युअर बीन्स, नाऊ." बँकेतल्या माणसाला पण हनी. अंजू लाजेने मेल्याहून मेल्यासारखी व्हायची. "आई, यू कान्ट कॉल हिम हनी!" सुमन म्हणायची, "का? त्याने काम केलं ना लगेच? तुझ्या सर-बिर म्हणण्याने केलं असतं का?"

रूथ पुढे मुलाकडे राहायला गेली. जाताना तिने आपला रेकॉर्ड प्लेअर आणि या बाईची एक रेकॉर्ड सुमनला दिली. तिला मुलगी नव्हती. ती रेकॉर्ड आमच्या घरात इतकी वाजली की शेजारच्यांना पाठ झाली असेल. अंजू म्हणायची, फोनवर काहीतरी शोधून देते. सुमनला फोनवरचं गाणं चालायचं नाही. "डब्यात तोंड घालून गाते का ती?"

गाणं ऐकायची पण तिची एक तऱ्हा होती. नुसती बसून कधी ऐकलं नाही. "रिकामं बसून गाणं ऐकायला मी काय जहागीरदारीण लागून गेले?" रेकॉर्ड लावली की शेगडी चालू. शेगडी विजेची होती, पण ती तिला चूलच म्हणायची. मात्र कुकर लावायचा नाही, शिट्टी मध्ये बोंबलते म्हणून. डाळ उघड्या पातेल्यात शिजायची. आधी मी वैतागायचो, नंतर तशाच डाळीची सवय लागली. कधी कधी फोडणीच्या आवाजात एखादी ओळ बुडायची, की स्वतःवरच चिडायची. "एकदा चूल बंद ठेवून अख्खं ऐकायचंय मला." आणि दुसऱ्या दिवशी परत चूल पेटलेली.

मी एकदा विचारलं, "या बाईत आहे तरी काय एवढं? सारखी नवरा गेला, नवरा गेला." तर म्हणाली, "अहो, बाकीच्या गातागाता रडतात. ही आधी रडून घेते, तोंड धुते, आणि मग गायला येते. ऐका नीट." मला तसलं काही ऐकू येत नव्हतं. मला ती मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती गिटार ऐकू यायची, कोणीतरी लांबून हाक मारत असल्यासारखी. ती आवडायची.

तिचं एक लाडकं गाणं होतं. गाण्यातली बाई संध्याकाळी जेवणाची तयारी करते. कपाटातून दोन ताटं काढते, टेबलावर मांडते. तेवढ्यात सुई उडायची. रूथच्या वेळेपासूनचा चरा होता तिथे. सुई थेट पुढच्या ओळीवर जायची, तिथे बाई खुर्ची ओढून जेवायला बसते. दोन ताटं मांडली आणि जेवायला बसली, म्हणजे नवरा परत आला. सुमनने असा अर्थ लावला होता आणि जो भेटेल त्याला सांगायची. हळदीकुंकवाला सांगितलं. शेजारच्या रश्मीला, नागपूरची पोरगी ती, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेली, तिला तर दहादा सांगितलं असेल. रश्मी हसायची. "मावशी, कंट्री गाणं अन् सगळं छान होतं? बापा!" सुमन म्हणायची, "होतं कधी कधी. तो येतो घरी. उशिरा येतो, पण येतो." ती स्वतः कामात ते गुणगुणायची ना, तेव्हा पण त्या जागी उडी मारायची, सुईसारखी.

तर त्या दुपारी नवी रेकॉर्ड लावली. काय सांगू. वर जो किरकिर आवाज असायचा तो गेला होता. बाई आमच्या टेबलाशी येऊन बसल्यासारखी. ओळ सुरू करायच्या आधी ती श्वास घेते तो ऐकू येत होता. कुणीतरी पाय बदलला तर लाकूड करकरलं ते पण. सुमनने मेथीची काडी मोडायची थांबवली. शेगडीवर डाळ रटरटत होती, सुमन उठून शेगडी बारीक करून आली.

मग ते गाणं आलं. दोन ताटं काढली, मांडली. सुमनने सवयीने गुणगुणत पुढच्या ओळीवर उडी घेतली, पण सुई उडाली नाही. मधल्या ओळी आल्या. इतकी वर्षं चऱ्याखाली पडलेल्या ओळी. बाई उभी राहते, ताटाकडे बघते, एक ताट उचलते, ॲप्रनने पुसते आणि परत कपाटात ठेवते. मग खुर्ची ओढून बसते.

मला पण कळलं तेवढं. मी सुमनकडे बघितलं नाही.

"म्हणजे तो आलाच नाही," ती म्हणाली.

"जुनीच बरी होती की," मी म्हणालो. "ती लावू का?"

"नको. तिने जे म्हटलंय ते म्हटलंय. आपल्याला ऐकू येत नव्हतं तो आपला दोष."

त्या बाजूच्या शेवटी कंपनीने एक फसलेला प्रयत्न घातला होता. तेच गाणं, पण आधीचं, टाकून दिलेलं. ताट उचलायच्या जागी बाईचा आवाज अडकतो. ती थांबते. वाजवणारे एकेक करून थांबतात. खुर्ची सरकते, चालत गेल्याचा आवाज येतो, दार लागतं. बस, तिथे संपतं. आणि आम्ही आधी जे चांगलं गाणं ऐकलं ते तिने त्यानंतर परत येऊन म्हटलेलं.

सुमनने माझ्या दंडावर चापट मारली, मेथीच्या हाताने. "बघा! मी काय सांगत होते? गेली की नाही तोंड धुवायला?" इतकी खूश मी तिला खूप दिवसांत बघितली नव्हती. नवरा न आल्याचं दुःख विसरली. "परत लावा ते. नाही, थांबा. आमटी राहिलीय. उद्या सकाळी लावू, चूल बंद ठेवून. उद्या नक्की."

"उद्या तू जहागीरदारीण," मी म्हणालो.

"हो. तुम्ही चहा करा."

संध्याकाळी आमटीला फोडणी द्यायला उठली आणि शेगडीपाशीच खाली बसली. मला वाटलं काही पडलं ते उचलतेय. "अहो" म्हणाली, पुढे काही नाही. ॲम्ब्युलन्स आली, छातीवर दाबणारी पोरं आली, हॉस्पिटलात नेलं. तिथे एका डॉक्टरणीने मला खुर्चीवर बसवलं. बसवल्यावरच कळलं. नर्स माझ्या खांद्याला हात लावून म्हणाली, "आय ॲम सो सॉरी, हनी." त्या शब्दाने मी मोडलो.

सकाळी घरी आलो तेव्हा रश्मीने करपलेलं पातेलं घासून पालथं घातलं होतं. निवडलेली मेथी तशीच टेबलावर, मलूल झालेली. सुमनच्या खुर्चीपाशी दिवा लावला होता. अंजू विमानात होती. रश्मी म्हणाली, "काका, आज चूल नाही पेटवायची घरात. पिठलं-भात मी माझ्याकडून आणते. तुम्ही काही म्हणजे काही करू नका."

चूल नाही पेटवायची. मी शेगडीकडे बघत राहिलो. इतकी गार ती मी कधी बघितली नव्हती. घरात नळाचा थेंब पडला तरी ऐकू येत होता.

मी प्लेअरकडे गेलो. रश्मी म्हणाली, "काका, आज गाणं? लोक येतील आता भेटायला."

"येऊ देत. तिला चूल बंद ठेवून ऐकायचं होतं."

ती डोळे पुसत पिठलं आणायला गेली.

दोन्ही रेकॉर्ड हातात घेऊन उभा राहिलो. एक रूथची, चरा पडलेली. ती लावली असती तर दोन्ही ताटं टेबलावर राहिली असती. खरंच मन झालं. ती प्लेअरवर चढवली, सुई उचलली, नुसती टेकवायची होती.

मग ती रेकॉर्ड उतरवून परत खोक्यात घातली. बाथरूममध्ये गेलो, दार लावलं, आणि जे व्हायचं ते होऊ दिलं. बराच वेळ. मग तोंड धुतलं, टॉवेलने कोरडं केलं. बाहेर येऊन नवी रेकॉर्ड लावली आणि हात मांडीवर ठेवून, काही न करता, अख्खी बाजू ऐकली.